लॅपटॉप ‘निर्मितीत’ आहे म्हणे, पण अडलाय नेमका कुठे?

अर्धविराम (धागाकर्ता)

मंडळी, कामासाठी लॅपटॉप मागवला. कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन, जास्तीची रॅम आणि मोठी डिस्क निवडून, पूर्ण पैसे भरून. तेव्हा तीन आठवड्यांनंतरची तारीख दाखवली होती. दोन आठवड्यांनी मेल आला, तारीख पाच आठवडे पुढे. मग आणखी चार. आता अकरावा आठवडा चालू आहे आणि ऑर्डरची स्थिती पहिल्या दिवशी होती तीच, ‘निर्मितीत’. ग्राहकसेवेला फोन केला की एकच वाक्य ऐकवतात : ‘जागतिक पुरवठा साखळीतील अडचणींमुळे’. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ओळखीच्यांना विचारलं तर थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच.

प्रश्न तक्रारीचा नाही (थोडासा आहे). कारखाना समुद्रापार आहे, माल यायला वेळ लागणार, हे मान्य. पण जहाज महिन्याभरात पोचतं ना? मग उरलेले दीड-दोन महिने ते यंत्र करतं काय? कोणी आतलं जाणकार आहे का इथे?

शंकासुर

काही करत नसतं. ‘पुरवठा साखळी’ म्हणजे ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ची नवी आवृत्ती. २०२० मध्ये महासाथ होती, मग कालवा, मग युद्ध, आता एआय. पैसे आधी घ्यायचे, माल सवडीने द्यायचा आणि खापर जगाच्या डोक्यावर फोडायचं.

रिकामटेकडा

+१. मी पण दोन महिने थांबलोय. वाचतोय.

भांडारपाल

शंकासुर, निम्मं बरोबर बोललात. उरलेल्या निम्म्याबद्दल लिहितो. माझी बरीच वर्षं इलेक्ट्रॉनिक्सच्या खरेदी खात्यात गेली. रोज सकाळी पहिलं काम म्हणजे शॉर्टेज लिस्ट उघडणं.

लॅपटॉपच्या मदरबोर्डवर हजाराच्या वर सुटे भाग असतात. त्यातले बहुतेक तांदळाच्या दाण्याहूनही बारीक. किट, म्हणजे एका यंत्राला लागणाऱ्या सगळ्या भागांचा संच, पूर्ण झाल्याशिवाय काम लाइनवर चढवत नाहीत, कारण अर्धवट जुळवलेलं यंत्र कुठे ठेवायचं हाच मोठा प्रश्न असतो. तेव्हा ‘निर्मितीत’ याचा खरा अर्थ बहुधा असा : नऊशे नव्व्याण्णव वस्तू आल्यात, एकीची वाट बघतोय. तुमच्या यंत्राला अजून कोणी हातही लावला नसेल.

आणि ती एक वस्तू म्हणजे प्रोसेसर असेल असं समजू नका. २०२१ मध्ये आमचे प्रोसेसर गोदामात पडून होते आणि अडलं होतं ते विजेचा दाब सांभाळणाऱ्या चिपवर, पडद्याच्या ड्रायव्हर चिपवर. या चिपा जुन्या तंत्रावर बनतात, बऱ्याच २०० मिलिमीटरच्या वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर). ती यंत्रसामग्री केव्हाच वसूल झालेली, चिपेत नफा चिमूटभर, म्हणून त्यासाठी नवा फॅब (चिपांचा कारखाना) घालायला कोणी तयार नसतं. मागणी एकदम वाढली की या गल्लीत सगळ्यात आधी कोंडी होते.

दुसरं म्हणजे वेळ. कोऱ्या वेफरपासून तयार चिप व्हायला साधारण तीन महिने लागतात. आधुनिक चिपेला तर हजारभर पायऱ्या. आज जादा ऑर्डर दिली तरी फळ पुढच्या तिमाहीत. पैसे ओतून हा काळ कमी करता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला आहे :)

आणि ग्राहकसेवेवर रागावू नका, तिला खरंच माहीत नसतं. झाकणावर नाव एकाचं असतं, जुळणी दुसऱ्याची. क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेंटेक, पेगाट्रॉन ही तैवानी मंडळी जगातले बहुतांश लॅपटॉप बनवतात आणि त्यांचे मोठे कारखाने चीनमध्ये चोंगचिंग, खुनशान, शांघायकडे. सुटा भाग तिसऱ्याचा, त्यातली चिप चौथ्याची, ती कापून डबीत बसवणारा पाचवा. प्रत्येकाला फक्त आपल्या मागचा एक जण दिसतो.

अर्धविराम

भांडारपाल, दंडवत. म्हणजे मी जी वाट बघत होतो ती प्रवासाची नव्हतीच.

सोल्डरगन

भांडारपालांच्या ‘एका वस्तू’ला पुरवणी. प्रोसेसरची चिप थेट मदरबोर्डवर बसत नाही, मधे सबस्ट्रेट नावाची छोटी पट्टी असते. तिच्यात तांब्याच्या बारीक तारांचे थर आणि थरांच्या मधे वीज अडवणारी पातळ फिल्म. नाव ‘अजिनोमोटो बिल्ड-अप फिल्म’, थोडक्यात एबीएफ. हो, तीच अजिनोमोटो! अमिनो आम्लांच्या रसायनशास्त्रात मुरलेली कंपनी, त्यातून रेझिनकडे वळली आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जगभरच्या प्रोसेसरांच्या पोटात तिची फिल्म आहे. २०२१ मध्ये ‘एबीएफचा तुटवडा’ अशा बातम्या यायच्या. बारकाईने बघितलं तर फिल्मपेक्षा तिच्यापासून सबस्ट्रेट बनवणारे कारखाने कमी पडत होते. इबिडेन, शिंको, युनिमायक्रॉन अशी मोजकीच नावं. त्यातल्या युनिमायक्रॉनच्या एका कारखान्याला २०२० मध्ये आग लागलेली.

जुनाजाणता

हे सगळं मला पोरखेळ वाटतं, कारण मी १९९३ पाहिलंय. जपानमध्ये निइहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. तिथे चिपांच्या आवरणासाठी लागणारं एपॉक्सी रेझिन बनायचं आणि जगाचा अर्ध्याहून जास्त पुरवठा त्या एका ठिकाणाहून होता. बातमी आली आणि मेमरीचे भाव रातोरात भडकले. चिपा तर कमी झाल्याच नव्हत्या! कारखान्यांकडे रेझिनचा साठाही होता. भाव वाढवला तो घबराटीने.

१९९९ च्या सप्टेंबरात तैवानचा भूकंप. शिंचूच्या विज्ञान उद्यानाची वीज गेली, फॅब बंद पडले आणि पुन्हा मेमरी महाग.

पण सगळ्यांचा बाप म्हणजे २०११ चा थायलंडचा पूर. अयुथ्या आणि पथुमथानीच्या सखल मैदानात औद्योगिक वसाहती वसवलेल्या. जमीन स्वस्त, बँकॉक जवळ, शेजारीच पुरवठादार. ऑक्टोबरात बांग-पा-इन आणि नवनकोर्न वसाहती पाण्याखाली गेल्या. तिथे वेस्टर्न डिजिटलचे कारखाने, त्या वेळी जगातली सर्वात मोठी हार्ड डिस्क कंपनी. तोशिबाचाही कारखाना तिथेच. पाणबुडे उतरवून यंत्रं वर काढली त्यांनी. सीगेटचे कारखाने कोरडे राहिले, तरी अडलेच, कारण डिस्क फिरवणाऱ्या मोटारी आणि इतर सुटे भाग करणारे त्याच मैदानात बुडाले होते. मोटारींचा तर बहुतेक बाजार निडेक या एकाच जपानी कंपनीच्या हातात आणि तिचेही कारखाने तिथे होते.

काही आठवड्यांत डिस्कचे भाव दुप्पट, काही ठिकाणी त्याहून वर. पाणी ओसरून कारखाने सुरू झाले तरी भाव जुन्या पातळीला यायला फार काळ गेला. मी त्या वर्षी जुन्या संगणकांतल्या डिस्का काढून धुऊन-पुसून वापरल्या (धुऊन हा शब्द हलके घ्या).

पुरवठादार शेजारी असावेत म्हणून सगळे एका जागी आले होते. स्वस्ताई आणि जोखीम एकाच दारातून आत आली.

मनीप्लांट

मग सरळ उपाय का करत नाही कोणी? जिथे विकायचं तिथेच बनवा. इतक्या लांब बनवायचंच कशाला? दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

सोल्डरगन

मनीप्लांट, याचं उत्तर रास्पबेरी पायने देऊन झालंय. तो छोटा संगणक ब्रिटनमध्ये वेल्समधल्या पेनकोइडला, सोनीच्या कारखान्यात बनतो. पण २०२१ ते २०२३ या काळात जगात सगळ्यात दुर्मीळ झालेल्या संगणकांत तोच होता! ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी इतिहासात पहिल्यांदा एका मॉडेलचा भाव वाढवला. का, तर जुळणी घरी आणि चिपा बाहेरून. घरच्या कारखान्यात कामगार तयार, यंत्रं तयार, बोर्डावर ठेवायला चिप नाही.

‘इथेच बनवा’ म्हणताना लोकांच्या डोळ्यांसमोर स्क्रू पिळणारी लाइन असते. ती हलवता येते, हलवतही आहेत. खालचं काय? सर्वात प्रगत चिपांतल्या बहुतेक तैवानच्या टीएसएमसीत बनतात. टीएसएमसी ज्या ईयूव्ही (अतिलघु तरंगलांबीच्या अतिनील किरणांच्या) यंत्रावर त्या छापते ते फक्त नेदरलँड्समधली एएसएमएल बनवते. त्यातले आरसे जर्मनीच्या झाइसचे, लेसर जर्मनीच्याच ट्रुम्फचा. सिलिकॉन वितळवायच्या मुशीसाठी जे अतिशुद्ध क्वार्ट्झ लागतं त्याचा मोठा वाटा अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या स्प्रूस पाइन या छोट्या गावाच्या खाणींतून येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन वादळाने तिथे पूर आला तेव्हा चिपवाल्यांचे धाबे दणाणले होते. छपाईच्या इतर यंत्रांतल्या लेसरसाठी लागणारा निऑन हा पोलाद कारखान्यांचा उपपदार्थ, तो शुद्ध करण्यात युक्रेनमधल्या मारियुपोल आणि ओदेसाच्या दोन कंपन्या आघाडीवर होत्या. २०२२ मध्ये दोन्ही थांबल्या.

आता यातलं काय काय ‘इथे’ आणणार?

मनीप्लांट

बरं, सगळं नाही आणता येणार, मान्य. पण मग एका वस्तूसाठी दोन पुरवठादार तरी ठेवा! रेनेसास या चिप कंपनीचा जपानमधला नाका इथला कारखाना २०११ च्या भूकंपात बंद पडला, मोटारवाले महिनोन्‌महिने रडले. दहा वर्षांनी, मार्च २०२१ मध्ये त्याच कारखान्याला आग लागली आणि तेच मोटारवाले पुन्हा रडले. याला नशीब म्हणायचं?

भांडारपाल

नाही, याला खरेदी खात्याचं बजेट म्हणायचं. तुमचा मुद्दा चोख आहे आणि आमच्या बैठकांत मी तोच मांडायचो. रेझिस्टर, कपॅसिटर यांना दुसरा पुरवठादार सहज मिळतो. चिपेला नाही. एका फॅबसाठी आखलेली चिप दुसऱ्या फॅबमध्ये तशीच छापता येत नाही, आराखडा नव्याने करावा लागतो, मग चाचण्या, मग मान्यता. वर्ष सहज जातं. तेवढ्यात मॉडेलच बाजारातून जातं.

साठा करणं हा दुसरा मार्ग. टोयोटाने २०११ नंतर पुरवठादारांना काही महिन्यांच्या चिपांचा साठा ठेवायला लावला. ‘साठा म्हणजे पाप’ असं जगाला शिकवणारी टोयोटा, बरं का! २०२१ च्या पहिल्या सहामाहीत बाकीचे कारखाने बंद ठेवत असताना तिचे चालू राहिले. तुटवडा लांबला तेव्हा मात्र सप्टेंबरात तिलाही उत्पादन कापावं लागलं. लॅपटॉपवाले असा साठा ठेवायला कचरतात, कारण सहा महिन्यांनी चिपच जुनी होते.

रिकामटेकडा

सगळं त्या अमक्या देशाच्या धोरणामुळे चाललंय. त्यांना एकदा

संपादक मंडळ

वरच्या प्रतिसादाचा राजकीय भाग काढला आहे. विषयाला धरून लिहावं.

गोदीवाला

उशिरा आलो, बोटीवर होतो. धागाकर्त्याच्या ‘जहाज महिन्याभरात पोचतं’ यावर थोडं.

लॅपटॉप बरेचदा जहाजाने येतच नाही, विमानाने येतो. वजनाला हलका, किमतीला जड आणि वाटेत महिना गेला तर तेवढी किंमत उतरलेली. चार्जर, डॉक, मॉनिटर, कॅबिनेट ही मंडळी आमच्याकडे. तिसरी वाट रुळांची : चोंगचिंगहून निघालेली मालगाडी कझाकस्तान, रशिया, बेलारूस, पोलंड करत जर्मनीच्या ड्युइसबर्गला पोचते, जवळपास ११,००० किलोमीटर. २०११ पासून ती धावते आहे आणि तिच्या सुरुवातीच्या मोठ्या गिऱ्हाइकांत लॅपटॉपवालेच होते.

विमानाचं गणित लोकांना माहीत नसतं. जगातला जवळजवळ निम्मा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातून जायचा. २०२० च्या वसंतात प्रवासी बंद झाले आणि ती जागाही गेली, नेमकी घरून काम करणाऱ्यांना लॅपटॉप हवे होते तेव्हा.

एव्हर गिव्हनबद्दल खूप लिहिलं गेलं. ४०० मीटरचं जहाज मार्च २०२१ मध्ये सुएझमध्ये आडवं झालं आणि सहा दिवस कालवा बंद. फोटो छान होते. पण आम्हाला छळलं ते त्यानंतर न दिसणाऱ्या गोष्टीने, रिकाम्या कंटेनरांनी. माल पूर्वेकडून पश्चिमेला जातो, डबे परत यायला हवेत. ते पश्चिमेत अडकले की पूर्वेत माल तयार असून भरायला डबा नाही. २०२१ च्या शरदात लॉस एंजेलिस-लाँग बीचच्या बाहेर शंभरावर जहाजं ताटकळत होती. प्रत्येक जहाज म्हणजे हजारो डबे चलनातून बाद. अजून एक : एप्रिल २०२२ मध्ये शांघाय बंद होतं तेव्हा बंदर उघडंच होतं, सरकारी निवेदनही तसं होतं. पण ट्रकवाल्यांना शहरात फिरता येत नव्हतं. उघडं बंदर आणि धक्क्यापर्यंत न पोचणारा माल! क्वांटाचा तिथला कारखानाही काही काळ बंद होता.

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले तेव्हापासून कितीतरी जहाजांनी केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला. युरोपच्या फेरीत दहा ते चौदा दिवस वाढतात. म्हणजे दिवसच वाढतात, महिने नाहीत. धागाकर्त्याचे महिने आमच्या खात्यावर टाकू नका.

अवांतर : सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाने पाठवायच्या तर चार्ज ३० टक्क्यांच्या वर चालत नाही, २०१६ पासूनचा नियम. प्रवासी विमानात तर त्या मालवाहतुकीत घेतच नाहीत. दुरुस्तीसाठी मागवलेली नवी बॅटरी उशिरा आणि अर्धपोटी आली तर दुकानदाराशी भांडू नका.

शंकासुर

ठीक आहे, शिकलो. पण आता २०२६ आहे. पूर नाही, टाळेबंदी नाही, कालव्यात कोणी आडवं पडलेलं नाही. मग अर्धविरामांचा लॅपटॉप का अडावा? माझी शंका तिथेच आहे.

भांडारपाल

कारण त्यांनी जास्तीची रॅम निवडली.

जगातली बहुतेक डीरॅम (रॅममध्ये असते ती मेमरी) तीन कंपन्या बनवतात : सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. एआयच्या सर्व्हरांना एचबीएम नावाची थरावर थर रचलेली मेमरी लागते. तिच्यात नफा कितीतरी जास्त आणि तेवढीच साठवणक्षमता मिळवायला साध्या रॅमच्या, म्हणजे डीडीआर५ च्या, सुमारे तिप्पट वेफर खपतात. कारखाने तेच, वेफर तेवढेच. आपल्यासारख्यांच्या रॅमला उरेल ते. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशियल’ हा आपला किरकोळ ग्राहकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. नवा फॅब उभा राहून भरात यायला काही वर्षं लागतात.

२०२१ मध्ये अडवणूक अपघाताने झाली होती. या वेळी कोणी चुकलेलं नाही, त्यांनी फक्त जास्त पैसे देणाऱ्याला माल दिलाय.

शंकासुर

म्हणजे रांगेत घुसखोरी! मी पहिल्या प्रतिसादात हेच म्हणत होतो, फक्त इतकं सभ्यपणे नाही.

भांडारपाल

हो. आम्ही तिला ‘अलोकेशन’ म्हणतो. मोठं गिऱ्हाईक आधी, करारवालं त्यानंतर, एकटादुकटा शेवटी. रास्पबेरी पायवाल्यांनी निदान उघड सांगितलं होतं की ज्या कंपन्यांचा धंदा आमच्या बोर्डावर अवलंबून आहे त्यांना आधी देणार, छंदवाल्यांनी थांबावं. बाकीचे सांगत नाहीत.

आणि अलोकेशन सुरू झालं की खरेदीवाले जे करतात ते मीही केलंय, कबूल करून टाकतो. शंभर हवे असतील तर दोनशे मागायचे, कारण निम्मेच मिळणार. शिवाय दोन ठिकाणी मागायचे. पुढच्याला वाटतं मागणी चौपट झाली, तो त्याच्या पुढच्याकडे आणखी फुगवून मागतो. एमआयटीचे प्राध्यापक जे डब्ल्यू. फॉरेस्टर यांनी १९६१ मध्येच हे मांडून ठेवलंय. चाबकाची मूठ बोटभर हलली तरी टोक हातभर उसळतं, म्हणून याला चाबकाचा परिणाम म्हणतात. २०२१ मध्ये जगात सुमारे ३५ कोटी पीसी बाजारात गेले, २०२३ मध्ये सुमारे २६ कोटी. ज्या चिपांसाठी आम्ही विनवण्या करत होतो त्याच दीड वर्षात गोदामात धूळ खात पडल्या आणि मेमरीवाले तोट्यात गेले. तेव्हा उत्पादन कापलं, विस्तार पुढे ढकलला. आजच्या टंचाईत त्याचाही वाटा आहे.

सोल्डरगन

अर्धविराम, व्यवहाराचं बोलायचं तर स्वतः निवडलेलं कॉन्फिगरेशन सोडा आणि ‘तयार’ लिहिलेल्या मॉडेलांतलं जवळचं घ्या. ती आधीच किट जमवून, बनवून ठेवलेली असतात. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये, एवढं मात्र नीट बघा. स्लॉट असेल तर आज कमी घेऊन नंतर वाढवता येईल. सोल्डर असेल तर आज जे घ्याल तेच कायमचं.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. भांडारपालांचा कबुलीजबाब वाचून मलाही एक सांगावंसं वाटतंय. मूळ धाग्यात लिहिलं नव्हतं. सातव्या आठवड्यात वैतागून मी दुसऱ्या एका कंपनीकडेही तसाच लॅपटॉप नोंदवला. जो आधी येईल तो ठेवायचा, दुसरा रद्द.

शंकासुर

चाबूक सापडला =))

जुनाजाणता

हॅहॅहॅ. पोरा, १९९३ मध्ये मीही मेमरीच्या बाबतीत हेच केलं होतं. दोन्हीकडून माल आला. एक अजून कपाटात आहे.

अर्धविराम

अपडेट. आज सकाळी दोन्ही ऑर्डरींपैकी एकीची स्थिती ‘निर्मितीत’वरून ‘पाठवले’ झाली. दुसरी लगेच रद्द केली, पैसेही परत येतायत.

मी_पण_रांगेत

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय, एरवी फक्त वाचतो. रद्द केलेली कुठल्या कंपनीची होती ते व्यक्तिगत निरोप पाठवून सांगाल का? रॅम पण तेवढीच होती का?